बावखलाच्या काठावर दिलेला शब्द

सर, तुम्ही गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी जयवंतभाऊ हवामान बदलावर बोलला.

शाळेच्या हॉलमध्ये शोकसभा होती. टेबलावर हार घातलेला तुमचा फोटो, शेजारी उदबत्ती, आणि माईकसमोर तो. वयाने मोठ्या माणसाला अरेतुरे करायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत. तुमचं बाकी सगळं पाळीन, हे एक आज जमणार नाही. पांढरा सदरा, खिशाला काळी फीत. घसा खाकरून म्हणाला, "सर द्रष्टे होते. समुद्र वाढतोय, पाऊस बदललाय, असं ते आम्हाला वर्षानुवर्षं सांगत होते. आज गावातल्या विहिरी खाऱ्या झाल्यावर त्यांचं म्हणणं पटतंय. यात ना कुठल्या टँकरवाल्याचा दोष, ना कुठल्या डंपरवाल्याचा. साऱ्या जगाचंच हवामान बिघडलं, तिथे आपण काय करणार?"

लोकांनी माना डोलावल्या. टँकर त्याचे आहेत. डंपरही त्याचेच आहेत.

मग त्याने जाहीर केलं, की आळीतल्या बावखलाची "ती दलदल" बुजवून तिथे तुमच्या नावाचं स्मृती उद्यान करायचं. बाकडी, दिवे, फिरायला रस्ता. टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत हेही कुणाच्या लक्षात आलं नाही. शेवटी दोन मिनिटं शांत उभं राहायचं होतं. मी उभी राहिले. शांत नव्हते.

तुम्हाला तो आधीचा जयवंतभाऊ आठवतो ना? याच हॉलमध्ये प्रभागाची सभा होती. पावसात घराघरांत पाणी शिरून गेलं होतं, भिंतींची ओल अजून वाळली नव्हती. तुम्ही उठून सांगत होतात, की पाऊस आता पूर्वीसारखा पसरून येत नाही, एका दमात कोसळतो, त्यात भरतीच्या वेळी खाडीचं पाणी मागे रेटतं, आणि ते उतरायला जागा हवी तर ती आपण भराव घालून बुजवली. तो मागून म्हणाला, "सर, समुद्राला सांगा, आमच्या आळीत यायच्या आधी एक मिस कॉल दे म्हणून!" हॉल हसला. त्यानंतर तुम्ही बाजारात दिसलात की कुणीतरी हटकून विचारायचं, "काय मास्तर, आला का कॉल?"

तुम्हीही हसायचात. मी विचारलं होतं, "तुम्हाला राग येत नाही?" तर म्हणालात, "राग आला की वाक्य लांबतं आणि मुद्दा मरतो." सर, माझी वाक्यं आज लांबणार आहेत.

मी तुमच्या शाळेत आले तेव्हा मला बावखल म्हणजे काय हे माहीत नव्हतं. मिठागरावर वाढलेली मुलगी मी. आमच्याकडे पाणी म्हणजे मीठ पिकवायचं पाणी. प्यायचं पाणी आई लांबून डोक्यावर आणायची. तुम्ही आमचा भूगोलाचा वर्ग उचलून थेट तुमच्या आळीत नेलात. केळीच्या बागेमागे ते खोल, हिरवं, गोड्या पाण्याचं तळं. म्हणालात, "हे पाणी साठवायला नाही, जिरवायला आहे. पावसाचं पाणी इथे मुरतं, म्हणून आजूबाजूच्या विहिरी गोड राहतात. जमिनीखाली गोडं पाणी वर तरंगतं, खारं खाली असतं. वरचं ओढून संपवलं की खालचं वर येणारच." मग प्रत्येकाला विहिरीचं पाणी चाखायला लावलंत. मी ओंजळभर प्यायले. पाण्याला चव नसणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते मला त्या दिवशी कळलं.

बारावीनंतर बाबा मला सातिवलीला बांगड्यांच्या पॅकिंगला लावणार होते. तुम्ही मिठागरावर आलात, चपला हातात घेऊन, चिखलातून. बाबांना म्हणालात, "लावा ना कामाला. कोण नाही म्हणतंय? फक्त कॉलेज सुटल्यावर." बाबा गोंधळले. मास्तर आपल्या बाजूने बोलले की विरुद्ध, हे त्यांना कळेपर्यंत माझा प्रवेश झाला होता. आमच्या घराण्यात पहिली पदवी माझी. निकालाच्या दिवशी तुम्ही पेढे आणले नाहीत. केळीच्या सोपटात बांधलेली सुकेळी आणलीत, तुमच्या घरी काकूंनी वाळवलेली केळी. आईने हात पुसून ती घेतली आणि देवापुढे ठेवली. मी आज पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत पगारावर आहे, ते त्या चपला तुम्ही हातात घेतल्यात म्हणून. याचे आभार मी तुम्हाला कधी नीट मानले नाहीत. तुम्ही मानू दिले नसतेत.

आपलं एक भांडण मात्र अर्धवट राहिलं.

आळीतल्या विहिरींचं पाणी मी तपासलं तेव्हा त्यात मीठ उतरलेलं होतं. फक्त बावखलाला लागून असलेल्या विहिरी अजून गोड होत्या. तुम्ही वर्तमानपत्राला पत्र लिहायला घेतलंत आणि तीन कारणं मांडलीत: समुद्र वर सरकतोय, टँकरसाठी उपसा चाललाय, भराव पडतोय. मी म्हणाले, "सर, समुद्राचं नाव काढून टाका. तीन कारणं दिली की चोर तिसऱ्याच्या मागे लपतो."

"पण समुद्र सरकतोय ना?"

"सरकतोय. आपण ते वेगळ्या पत्रात लिहू."

"संगीता, अर्धं खरं सांगून जिंकलेलं भांडण पुढच्या पावसात वाहून जातं."

"आणि पूर्ण खरं सांगून हरलेलं?"

तुम्ही चष्मा काढून पुसलात. पत्र तीन कारणांसकट छापून आलं. पुढे दवाखान्यात तुमच्या उशाशी बसून हा विषय काढावा असं वाटलं नाही, आणि मग वेळच राहिली नाही. म्हणून आता सांगते. सर, मी बरोबर होते. शोकसभेत तो नेमका तुमच्याच समुद्राच्या मागे जाऊन उभा राहिला. आयुष्यभर ज्याची टिंगल केली, तेच तुमचं वाक्य त्याने तुमच्या फोटोसमोर उचललं आणि स्वतःच्या टँकरवर पांघरलं.

तुम्ही म्हणायचात, चूक माणसाची नसते, पद्धतीची असते. टॉवरमध्ये राहणाऱ्यांना पाणी लागतं, नळाला येत नाही, म्हणून टँकर येतो. ती पण आपलीच माणसं. मी नालासोपाऱ्यात फ्लॅट घेतला तेव्हा आमच्या सोसायटीत त्याचाच टँकर येतो हे कळल्यावर तुम्ही खो खो हसला होतात. "म्हणजे तुझ्या बादलीत माझी विहीर!" मी चिडून म्हणाले होते, "पद्धतीला तोंड नसतं सर. ती सभेत उठून टिंगल करत नाही. हा करतो." तेही भांडण तसंच राहिलं.

बावखल का बुजवायचं, हे आळीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या मागची कळंबच्या बाजूची जमीन जयवंतभाऊची. तिथे त्याला सुट्टीला येणाऱ्यांसाठी कॉटेज बांधायची आहेत आणि तिथवर जायला रस्ता नाही. बावखलात हिस्सा असलेल्या बाकी सगळ्या घरांनी हो म्हटलं होतं. अडून बसलेले तुम्ही एकटे. आता तुमच्या जागी नितीन. तुमचा मुलगा तुमच्याइतकाच सज्जन आहे आणि भांडायला तुमच्याहून कच्चा. शोकसभेनंतर मला म्हणाला, "बाबांच्या नावाचं उद्यान होणार आहे तर मी नाही कसं म्हणू, ताई? लोक काय म्हणतील?" त्याला पुण्याला परत जायचं होतं. जाण्याआधी तो हो म्हणणार हे मला दिसत होतं.

आणि मग दहावा आला.

तुम्हाला विधी नको होते. काकू म्हणाल्या, "त्यांना नको होते, मला हवेत. पन्नास वर्षांच्या संसारात एवढं तरी माझ्या मनासारखं होऊ दे." त्यापुढे कुणाचं काय चालणार? बावखलाच्या काठावर केळीच्या पानावर पिंड ठेवला. समोर माडावर कावळे बसले होते, भरपूर. एकही खाली येईना.

ऊन चढलं. भटजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल. बोला कुणीतरी." नितीन म्हणाला, "बाबा, आईला मी सांभाळीन." कावळा हलला नाही. काकू म्हणाल्या, "माझी काळजी करू नका." नाही. कुणीतरी तुमच्या आवडीचा चहा आणून ठेवला, बिनसाखरेचा. तुमच्या बहिणीने हळूच त्यात साखर घातली. तरी नाही. वाडीवाल्या दादाने आजचा पेपर आणून पानाशेजारी उघडून ठेवला. माझी आई माझ्या कानाशी पुटपुटली, "मास्तर आता आधी पेपर वाचनार, मग जेवनार." मला रडता रडता हसू फुटलं.

जयवंतभाऊ पहिल्या रांगेत होता. घाम टिपत, घड्याळ बघत. त्याच्यासोबत मोबाईलवर व्हिडिओ काढणारा त्याचा माणूस होता. साहेब सुखदुःखाला हजर असतात हे लोकांना दिसायला हवं ना. शेवटी त्याला राहवलं नाही. तो पुढे झाला, हात जोडले. मोबाईलवाला ओरडला, "मागे सरका सगळे, मागे सरका, साहेब फ्रेममध्ये एकटे पाहिजेत!" गर्दी मागे हटली, थेट बागेच्या बांधापर्यंत. मग जयवंतभाऊ सभेतल्या आवाजात बोलला, "सर! तुमची जी काही इच्छा राहिली असेल, जी काही, ती हा जयवंत पूर्ण करील. शब्द आहे माझा!" आणि दोन पावलं मागे आला.

कावळा उतरला. पिंडाला चोच लावली.

"घेतला! घेतला!" बायकांनी पदर डोळ्यांना लावले. नितीन खाली बसून रडायला लागला. जयवंतभाऊने चारी बाजूंना बघून हात जोडले, निवडून आल्यासारखे.

सर, मी तुमची विद्यार्थिनी. नववीत तुम्ही कावळ्यावर अख्खा तास घेतला होतात. गर्दी अंगावर असली की तो येत नाही, मोकळं झालं की येतो, यात आत्मा कुठेच नाही, असं तुम्ही शिकवलंत. कावळा का आला, हे त्या काठावर कदाचित मला एकटीलाच कळलं. मी गप्प राहिले. नुसती गप्प राहिले नाही, पुढे गेले.

"भाऊ," मी म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "शब्द दिलात, फार बरं केलंत. सरांची इच्छा काय होती ते सगळ्या गावाला माहीत आहे. एकदा नाव घेऊन बोला, म्हणजे व्हिडिओत नीट येईल."

त्याचे जोडलेले हात तसेच राहिले. चेहरा मात्र उतरला. म्हणाला, "सरांची इच्छा म्हणजे... गावाचा विकास व्हावा—"

आई बायकांच्या घोळक्यातून ओरडली, "इकासाचं तर तुमी त्या सभेतच बोललात, भाऊ! त्येच हवं असतं तर मास्तर मगाशीच जेवले असते की!"

आधी कुणी हसलं नाही. मग तुमची बहीण हसली, मग भटजी तोंड फिरवून हसले, आणि मग सगळेच. दहाव्याला. बावखलाच्या काठावर. ज्या आवाजाने तुम्हाला हॉलमध्ये बसवलं होतं, तोच आवाज, तीच माणसं, आणि आता मधोमध तो. मला किती गोड वाटलं म्हणून सांगू! मी त्या माणसाकडे एकटक बघत होते. एक क्षणही चुकवायचा नव्हता.

तो व्हिडिओ त्याच्याच माणसाने सवयीने गावाच्या ग्रुपवर टाकला होता. काढून टाकेपर्यंत तो माझ्याकडे आला होता. मी तो पुढे पाठवला. आळीच्या ग्रुपवर, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या, भजनी मंडळाच्या, आमच्या सोसायटीच्या, सगळ्या. एकामागून एक घरं मागे फिरली. पिंडासमोर शब्द दिलाय, आता बावखलाला हात लावायचा नाही, आमच्या घरात आजारपण नको. ज्यांना तुम्ही आयुष्यभर मुरणाऱ्या पाण्याचं शास्त्र सांगितलंत, आणि ज्यांनी जांभया दिल्या, ते एका चोचीपुढे सरळ झाले. नितीन मला म्हणाला, "ताई, आता मी नाही म्हणू शकतो." त्याला कारण हवं होतं, ते मिळालं.

जयवंतभाऊ हे वाचेल तर खुशाल वाचू दे. त्याने उठून सांगावं, की गर्दी मागे हटली म्हणून कावळा आला, मास्तरांनी शिकवलेलंच खरं. पण मग त्यांचं बाकीचं शिकवलेलंही खरं मानावं लागेल, उपशाचं आणि भरावाचं. दोन्हीकडून वाट बंद. असा कोपरा त्याच्यासाठी मी मुद्दाम बांधू शकले नसते. तो त्याने स्वतःच्या हाताने बांधला.

त्यानेही उलट वार केला. आमच्या सोसायटीत टँकर येणं बंद झालं. सेक्रेटरी घरी आले. "मॅडम, साहेबांचा निरोप आहे. व्हिडिओ सगळीकडून काढा आणि माफीचे दोन शब्द लिहा. टँकर लगेच सुरू." मी नाही म्हणाले. जिन्यात लोकांनी माझ्याशी बोलणं टाकलं. दुसरा टँकरवाला या भागात यायला तयार नव्हता. खालच्या मजल्यावरची रेश्मा, ओली बाळंतीण, दारात उभी राहून म्हणाली, "ताई, तुमचे सर देव असतील हो, पण माझ्या पोराची दुपटी मी कशात धुऊ?"

तिथे मात्र तुम्ही आठवलात. ती पण आपलीच माणसं. रात्रंदिवस सूड उगवायच्या विचारात असलेल्या बाईला हे वाक्य आठवणं किती त्रासाचं असतं, ते तुम्हाला नाही कळणार. माझ्या रागाचा खर्च रेश्माने का करावा? पण माघार घेतली असती तर बावखलाचं जे झालं असतं, त्याचा खर्चही शेवटी तिच्याच बाळावर पडला असता. तुमची सगळी वाक्यं खरी असतात आणि एकमेकांना आडवी येतात, सर. याबद्दलही मला तुमच्याशी भांडायचं होतं.

मी रेश्माला म्हणाले, "चल माझ्याबरोबर. बाळालाही घे."

जयवंतभाऊचं ऑफिस घराच्याच ओटीवर आहे. माणसं बसलेली होती, आत झोपाळ्यावर त्याची म्हातारी आई. त्याने बाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मॅडम, एवढं ताणू नये. मीही सरांचा विद्यार्थीच."

"म्हणून तर आले. व्हिडिओ आत्ता काढते, भाऊ. माफीही लिहिते. फक्त तुम्ही एक करा. बावखलावर चला, तसेच हात जोडा आणि मोठ्याने म्हणा, सर, मी दिलेला शब्द परत घेतो. मी व्हिडिओ काढणार नाही. कावळे ऐकतील तेवढं पुरे."

तो हसायला गेला. ओठ फाकले, पण हसू काही आलं नाही. बसलेल्या माणसांपैकी एकाने नजर खाली घातली. आतून झोपाळ्याची कुरकुर थांबली.

"जयवंता," म्हातारी म्हणाली, "असं कायबी बोलू नको हां. घरात लेकरं हायत."

"आये, तू आत जा."

"मी आतच हाय. तू बोल, बोलनार हायस काय?"

त्याने टेबलावरचा फोन उचलला, ठेवला. रेश्माचं बाळ रडायला लागलं आणि त्या आवाजाने तो दचकला. सर, तो दचकला. हॉलमध्ये तुमच्या समुद्राला मिस कॉल मागणारा माणूस, शोकसभेत जगाचं हवामान सांगणारा माणूस. त्याच्या कपाळावर घाम होता आणि पंखा चालू होता. मग त्याने कुणाकडेही न बघता ड्रायव्हरला हाक मारली आणि आमच्या सोसायटीचं नाव सांगितलं.

टँकर सकाळी आला. बावखल जागेवर आहे. उपसा थांबलेला नाही. त्यासाठी तुमचं पत्र लागेल, तिन्ही कारणांसकट, आणि ते मी पुन्हा लिहिणार आहे, तुमच्या पद्धतीने, कावळ्याशिवाय. एवढं वचन देते.

पण त्याच्या चेहऱ्यावरची ती भीती मी तुमच्यासाठी ओटीवरून उचलून आणली होती. वाटेत लक्षात आलं, की तुम्हाला ती नको असणार. तुम्ही चष्मा पुसत म्हणाला असतात, "संगीता, भीतीने पटलेलं पटलेलं नसतं." बरोबर आहे, सर. तुम्ही घेऊ नका. मी ठेवते ती माझ्याकडे.